फुलं विकते, बातम्या नाही

साल्वेराकच्या मोठ्या थिएटरला दोन दारं होती. पुढच्या दाराला रुंद पायऱ्या, वर चार दगडी बायका डोक्यावर सज्जा तोलून उभ्या, आणि त्यातल्या एकीचं नाक फुटलेलं. मागच्या दाराला एक कंदील, एक पहारेकरी आणि फेलिसी काझाल्बूचं फुलांचं दुकान. दुकान कसलं, निळ्या रंगाची टपरी, पाण्याच्या बादल्या आणि एक स्टूल. गाव पुढच्या दाराने आत जायचं. पण आत काय शिजतंय हे ज्याला जाणून घ्यायचं असे तो मागच्या दाराशी येऊन फेलिसीच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. कारण वर्षातले थोडे दिवस असे असत, की त्या दिवसांत सबंध गावात फक्त तिलाच सगळं ठाऊक असायचं.

हे दिवस हंगाम संपायच्या आधीचे. ऑक्टोबरात उघडलेला पडदा मे महिन्यात पडायचा. शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी, गायक मंडळी रंगायला बसण्याआधी, रंगपटात प्रत्येकाच्या आरशासमोर संचालकांकडून एकेक गुच्छ यायचा. गुच्छ गुलाबांचा असला तर पुढच्या हंगामाची नोकरी पक्की. कार्नेशनचा असला तर सामान बांधायचं. बोलावून सांगणं नाही, कारण नाही, रडारड नाही. थिएटर जितकं जुनं तितकीच ही पद्धत जुनी होती. त्यामुळे कार्नेशनचं नाव काढलं तरी नटांच्या अंगावर काटा यायचा. कुणी परका माणूस कोटाला कार्नेशन लावून मागल्या दाराशी आलाच, तर पहारेकरी त्याला ते काढून गटारात टाकायला लावायचा आणि मगच आत सोडायचा.

गुच्छ बांधायची फेलिसी. म्हणजे कोण राहणार आणि कोण जाणार, हे संचालकांच्या खालोखाल तिला कळायचं. एप्रिल संपत आला की तिचा धंदा अचानक वाढायचा. ज्यांनी वर्षभर एक फूल घेतलेलं नाही ते गायक जांभळ्या व्हायोलेटच्या जुड्या घेत रेंगाळायचे. हवा कशी आहे, गुडघा काय म्हणतो, यंदा गुलाब जास्त मागवलेत का, असं आडून आडून चालायचं. एका वर्षी तर एका गायकाची सासू रोज येऊन उभी राहायची. नोकरी जाऊन घरी बसलेला जावई तिला नको होता, बिचारी! फेलिसीचं सगळ्यांना एकच उत्तर.

"मी फुलं विकते, बातम्या नाही."

हा नियम तिने कधी मोडला नाही. घरीही नाही, चर्चमध्ये पाद्र्यापुढेही नाही. "पाद्रीबाबासुद्धा थिएटरला येतात," ती म्हणायची, "उगाच त्यांच्या जिवाला घोर."

फेलिसी त्या थिएटरातच वाढली होती. तिची आई सगळ्यात वरच्या गॅलरीची दारं उघडायची, लोकांचे कोट सांभाळायची. त्या कोटांच्या ढिगावर फेलिसी झोपायची आणि ऑपेरा ऐकत जागी व्हायची. त्या गॅलरीला गावात खुराडं म्हणत. तिथे लाकडी बाकं होती, छताला हात लागायचा, आणि बसणारे म्हणजे न्हावी, गवंडी, कपडे धुणाऱ्या बाया, द्राक्षमळ्यांतले मजूर. येताना पाव, सॉसेज आणि कांदा घेऊन यायचे. खाली मखमली खुर्च्यांवर दारूचे व्यापारी बसत, त्यांच्याच पैशाने थिएटर उभं राहिलं होतं. पण गाणं कुणाचं चांगलं आणि कुणाचं वाईट हे ठरायचं खुराड्यातच. नवीन गायकाला तीन संध्याकाळी गावं लागायचं. तिसऱ्या संध्याकाळी खुराडं गप्प राहिलं तर ठीक, 'वन्स मोअर' आला तर उत्तमच, आणि शिट्टी आली तर संपलं. साल्वेराकमध्ये शिट्टी म्हणजे शिवी. पॅरिसहून आलेला एक नावाजलेला गायक रोमन सेनापतीच्या वेषात असतानाच शिट्ट्या खाऊन निघाला, तो थेट स्टेशनवर गेला आणि पहिल्या गाडीने पसार झाला. त्याचं शिरस्त्राण फलाटावर राहिलं. स्टेशनमास्तरच्या बायकोने त्यात तुळशीसारख्या वासाचं एक झाड लावलं, ते पुष्कळ वर्षं चांगलं वाढत होतं.

छतावर ढगांत बसलेल्या कलांच्या नऊ देवी रंगवलेल्या होत्या. संगीताच्या देवीचा चेहरा म्हणजे हुबेहूब बेकरीवाल्याची बायको. चित्रकाराने मचाणावर पडून ती देवी इतकी मन लावून रंगवली, की बेकरीवाल्याला शंका आली. तो भांडायला म्हणून वर चढला, बराच वेळ बघत राहिला, आणि भांडण विसरून खाली उतरला. तेव्हापासून पैसे असूनही तो मरेपर्यंत खुराड्यातच बसला. तिथून ती सगळ्यात जवळ दिसायची. ऑपेरा कंटाळवाणा झाला की अजूनही गाव मान वर करून तिच्याकडे बघतं.

आणि एकदा वादळाच्या प्रवेशात विंगेतला माणूस पत्रा हलवून गडगडाट करत असताना बाहेर खरी वीज कडाडली. सगळं थिएटर हादरलं. क्षणभर शांतता, आणि मग खुराड्यातून कुणीतरी छताकडे बघून ओरडलं, "वन्स मोअर!"

फेलिसी तेव्हा लहान होती. तिच्या शेजारी बसून हसून हसून बाकाखाली गेलेली मुलगी म्हणजे क्लेमांस. बाप दारूची पिंपं बनवायचा, आणि क्लेमांसचा आवाजही पिंपातून आल्यासारखा घुमायचा. दोघी सगळी गाणी पाठ म्हणत. पुढे क्लेमांस जिना उतरून रंगमंचावर गेली, फेलिसी जिना उतरून मागल्या दाराशी बसली. क्लेमांसला नायिकेचं काम कधी मिळालं नाही. ती दाई झाली, सासू झाली, मासे विकणारी झाली, राणीच्या मागे उभी राहणारी झाली. पण तिच्या वाट्याला एखादं गमतीचं गाणं यायचं आणि तेवढ्यासाठी खुराडं वाट बघत असायचं. ती विंगेतून नुसती ओगराळं घेऊन बाहेर आली तरी वर हशा सुरू व्हायचा. लग्न तिने केलं नाही. "रोज नवीन नवरा मरतो माझा," ती म्हणायची, "आणखी कशाला?"

एवढी वर्षं मैत्री, पण मे महिन्यात तिने फेलिसीला एकदाही विचारलं नव्हतं, की माझं काय.

त्या वर्षी संचालक नवे होते. मस्यू पेरिदिए, ल्यों शहराकडचे, बारीक मिश्यांचे, हातमोजे घालणारे. वाईट नव्हते, पण त्यांना घाई फार. शेवटच्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी ते टपरीशी आले.

"मादाम काझाल्बू, सगळ्यांना गुलाब. लाल. कंजूषपणा नको."

"सगळ्यांना?" फेलिसीला इतकं बरं वाटलं. असं वर्ष क्वचित यायचं.

"एक सोडून. आस्त्रुकबाईंना कार्नेशन."

आस्त्रुक म्हणजे क्लेमांस. फेलिसीच्या हातातला चाकू देठावरच थांबला.

"पांढरी की तांबडी?" तिने विचारलं. दुसरं काही सुचेना.

"तुम्हाला बरी वाटतील ती."

"मला एकही बरं वाटत नाही, मस्यू."

पेरिदिएंनी हातमोजा काढला, परत घातला. "हे बघा, मी काही राक्षस नाही. वय झालं त्यांचं. दाया आणि सासवा काय, तरुण मुलीला पावडर फासली की होते म्हातारी. एकीतच दोघींची कामं निघतात."

"पावडरीने म्हातारपण येतं होय? मग माझी तेवढी पुसून द्या ना."

ते हसले. पण बोललेलं मागे घेतलं नाही. जाताना म्हणाले, "तुम्ही कधी कुणाला सांगत नाही, असं ऐकलंय."

"कधीच नाही," फेलिसी म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या शब्दांचा राग आला.

त्या दिवशी तिने लसणाचं सूप केलं आणि स्वतः खाल्लं नाही. नवरा इपोलित दोन्ही वाट्या संपवून म्हणाला, "काय झालंय तुला? मीठ तर बरोबर आहे."

"काही नाही."

"थिएटरचं काहीतरी दिसतंय."

"असू दे."

इपोलितने पुढे विचारलं नाही. त्याचं सगळं आयुष्य कालव्यावर बार्ज, म्हणजे मालाच्या सपाट होड्या, हाकण्यात गेलं होतं. जमिनीवर येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते, आणि थिएटरात तर त्याने पाऊल टाकलं नव्हतं. त्याचं म्हणणं असं, "तिथे लोक मरताना गातात. मी माणसं मरताना पाहिली आहेत. एकानेही तोंडातून सूर काढला नाही." फुलगाडी ओढायला त्याने एक गाढव पाळलं होतं. त्याच्या ओरडण्यावरून गायक मंडळींनीच त्याचं नाव बॅरिटोन, म्हणजे भारदस्त आवाजाचा गवई, असं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी उघडते तोच क्लेमांस हजर. हातात जर्दाळूंची पिशवी.

"घे, खा. तोंड का असं आंबलंय? इपोलितने थिएटरला यायचं कबूल केलं की काय?"

"गुडघा दुखतोय."

"माझ्या गुडघ्याला कालच सांगितलं, आज शेवटचा दिवस आहे, उद्यापासून काय ते दुखून घे." मग ती स्टुलावर बसली आणि जर्दाळू खात पुढच्या हंगामाचं बोलू लागली. कुठल्या तरी आजीचं एक काम येणार असं तिने ऐकलं होतं, त्यात म्हणे आजीला खिडकीतून उडी मारायची होती. "मी सांगणार आहे मस्यूंना, उडी मीच मारणार. खाली गादी तेवढी जाड घाला."

फेलिसी गुलाबांचे काटे काढत राहिली. एक काटा बोटात गेला तेव्हा तिला बरंच वाटलं, डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

क्लेमांसने तिच्याकडे बघितलं. विचारलं काहीच नाही. जर्दाळूची बी गटारात फेकून ती उठली, म्हणाली, "चल, ओगराळ्याला पॉलिश करायचंय," आणि गेली.

दुपारपर्यंत सगळे गुच्छ बांधून झाले. गुलाबांचे गुच्छ फेलिसीने गाडीत रचले. कार्नेशनचा एकच, पांढरा, तिने नको तितका सुंदर बांधला, आणि तो वेगळ्या बादलीत ठेवून दिला. मग ती इपोलितला म्हणाली, "आज तू पोचव. माझ्याने जिने चढवत नाहीत."

"मी? त्या आरशांच्या खोल्यांत?"

"पहारेकरी दाखवेल. प्रत्येक दारावर नाव आहे, प्रत्येक रिबिनीवर नाव आहे. वाचता येतं ना?"

"बार्जवरची नावं वाचत आलोय जन्मभर."

ती निघाली. गुडघा दुखतोय म्हणालेली फेलिसी सगळे जिने चढून थेट खुराड्यात जाऊन बसली. थिएटर रिकामं होतं. खालून खुर्च्या झाडल्याचा आवाज येत होता. बेकरीवाल्याची बायको ढगात बसून तिच्याकडे बघत होती. "बघू नकोस अशी," फेलिसी तिला म्हणाली. "मी काय करणार होते?"

बराच वेळ गेला, दिवस कलला. मग जिन्यावर जड बुटांचे आवाज आले आणि इपोलितचं डोकं वर आलं. घामाने डबडबलेला, पण चेहरा एखादी बार्ज अवघड वळणातून काढल्यासारखा.

"काम फत्ते," तो म्हणाला. "केवढं उंच बांधलंय हे! काळजी करू नकोस, सगळं निस्तरलं मी."

"काय निस्तरलं?"

"अगं, तू गेलीस आणि मी जरा पाईप भरला. म्हणजे आत जाऊन काडेपेटी आणली, एवढंच. येऊन बघतो तर बॅरिटोन मान मागे वळवून जेवतोय."

"काय जेवतोय?"

"गुलाब."

फेलिसीने बाकाची कड धरली. "किती?"

"जेवढे होते तेवढे. रिबिनी राहिल्या. रिबिनी नाही आवडत त्याला."

"इपोलित!"

"ऐक तरी. मी काय डोक्याला हात लावून बसलो? बाजारात गेलो. गुलाब नाहीत कुणाकडे, आज कुणाचं तरी लग्न आहे. पण स्टेशनवर नीसहून पेट्या आलेल्या. ताजी फुलं, टवटवीत, रंग तर असे की बघत राहावं. सगळी घेतली. त्याच रिबिनी बांधल्या, नावानिशी पोचवली. आणि तुझ्या त्या एका पांढऱ्या गुच्छाशी जुळलीसुद्धा! सगळ्यांना सारखं. कुणाला राग यायला नको."

"कसली फुलं घेतलीस?" फेलिसीने विचारलं, पण तिला उत्तर माहीत होतं.

"कार्नेशन," इपोलित म्हणाला.

नेमकी त्याच वेळी खालून पहिली किंकाळी आली.

फेलिसी धावत खाली गेली. रंगपटाच्या बोळात सगळी मंडळी गोळा झालेली. कुणी अर्ध्या मिशीत, कुणी एका गालाला रंग लावलेला. नायकाची कामं करणारा बार्थास गुच्छ जमिनीवर आपटून त्यावर नाचत होता. उंच पट्टीत गाणारी छोटी सोप्रानो भिंतीला टेकून भोवळ येण्याच्या बेतात होती, आणि कोरसमधल्या बायका तिच्याआधी भोवळ यायच्या तयारीत होत्या.

"सगळ्यांना! एकूण एक सगळ्यांना!"

"थिएटर बंद करतायत. मी ऐकलं होतं. सिनेमा करणार इथे!"

"संचालक कुठे आहेत?"

"महापौरांकडे जेवायला. पडदा उघडल्याशिवाय येत नाहीत ते!"

"फेलिसी आली! फेलिसी, खरं सांग, आपलं थिएटर विकलं का?"

सगळे तिच्याकडे वळले. एक शब्द बोलली असती तर गोंधळ मिटला असता. 'तुमचे सगळ्यांचे गुलाब होते, गाढवाने खाल्ले. फक्त एक कार्नेशन खरं.' आणि ते एक कुणाचं हे कळायला कुणाला वेळ लागला नसता, कारण ते सबंध बोळात एकटंच नको तितकं सुंदर बांधलेलं होतं.

ते क्लेमांसच्या हातात होतं. ती मात्र रडत नव्हती. ती छोट्या सोप्रानोच्या नाकाशी व्हिनेगरची बाटली धरून उभी होती.

"ओढ श्वास. अशी. अगं, माझं ठीक आहे," ती फेलिसीला हळूच म्हणाली, "मी दोन वर्षं वाटच बघत होते. पण ह्या पोरीला कशाला? हिचा तर आवाज आत्ता कुठे उघडतोय."

फेलिसीने तिच्या हातातल्या पांढऱ्या गुच्छाकडे बघितलं. मग ती सगळ्यांना म्हणाली, "मी फुलं विकते. ज्यांची फुलं आहेत ते येऊ देत, त्यांना विचारा."

तिच्या तोंडून नेहमीचं वाक्य ऐकून सगळ्यांची खात्रीच पटली, की सगळं खरं आहे.

"मी गाणार नाही," बार्थास म्हणाला. "मी घरी चाललो."

"जा की," क्लेमांस म्हणाली. "पायजमा बदलून जा फक्त, तो थिएटरचा आहे." दोघेतिघे हसले. "हे बघा मुलांनो, वरती खुराडं भरायला लागलंय. मी लहान असताना तिथे बसायचे. त्यांनी घरून कांदे आणलेत. त्यांनी आपल्याला काढलेलं नाही." तिने आपल्या गुच्छातलं एक पांढरं फूल खुडलं आणि दाईच्या मळक्या पोशाखावर, बरोबर छातीवर, टाचणीने लावलं. "लपवायचं कशाला? काढलंय तर काढलंय. असेच जाऊ."

थिएटरात कार्नेशन लावून रंगमंचावर जाणं! जुने नट थिजून बघत राहिले. मग बार्थासने जमिनीवरून एक चुरगळलेलं फूल उचललं.

त्या संध्याकाळी खुराड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. थिएटर बंद होणार ही बातमी गावात एव्हाना चांगलीच पसरली होती, आणि कॅफेतून निघून खुराड्यात पोचेपर्यंत तिला आणखी शेपूट फुटलं होतं. खुराड्याचा म्होरक्या सिप्रियां न्हावी तर सांगत होता, की दगडी बायकाही विकल्या, फक्त फुटक्या नाकाची कुणी घेत नाही. फेलिसी आपल्या जागेवर बसली. इपोलितला तिने हाताला धरून शेजारी बसवलं होतं. "पहिल्यांदा आलास ते असा आलास," ती म्हणाली.

पडदा उघडला. गिरणीवाल्याच्या मुलीची जुनीच संगीतिका, गावाला पाठ असलेली. पण मुलगी बाहेर आली ती छातीवर कार्नेशन लावून. मग गिरणीवाला, त्यालाही कार्नेशन. वेषांतर केलेला सरदार, त्यालाही. कोरसमधली पिठाची पोती वाहणारी माणसं, सगळ्यांना. खुराड्यात पावाचे घास हातातच राहिले.

आणि मग ते गायले. बार्थास, जो हंगामभर अंग चोरून गायचा, तो असा गायला की रंगमंचापुढच्या पिटातली वाद्यं त्याच्या मागे धावत सुटली. छोट्या सोप्रानोचा आवाज खरोखरच उघडला. त्यांना वाटत होतं, उद्या हे छत आपलं नाही, ढगातली बेकरीवाली आपली नाही, तेव्हा आजच सगळं देऊन टाकू. 'वन्स मोअर' इतके आले, की पहिला अंक संपता संपेना. इपोलित तोंड उघडं टाकून बसला होता. "हे रोज असं गातात?" त्याने विचारलं.

"गप्प बस," फेलिसी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती.

क्लेमांसचं गाणं दुसऱ्या अंकात होतं. दाई ओगराळ्याने सूप वाढत सगळ्या गावाची गुपितं सांगते, एवढंच ते. ती बाहेर आली आणि नेहमीसारखा हशा होईना. सगळे तिच्या पांढऱ्या फुलाकडे बघत होते. तिने वर खुराड्याकडे बघितलं, ओगराळं कपाळाला लावून सलाम ठोकला आणि म्हणाली, "काय रे, कांदे संपले का?"

मग हशा कोसळला. ती गायली ते पिंपाच्या तळातून. आवाज थोडा फाटका होता, पण त्या फटींतून ती काय काय डोकावून दाखवत होती! त्या गाण्याला 'वन्स मोअर' किती मिळाले ते कुणी मोजलं नाही.

मस्यू पेरिदिए तेवढ्यात जेवण उरकून महापौरांबरोबर बॉक्समध्ये येऊन बसले. त्यांनी रंगमंचाकडे दुर्बीण लावली, ती काढली, पुसली, परत लावली. सगळ्यांच्या छातीवर कार्नेशन.

वरून पहिली शिट्टी आली. ती सिप्रियां न्हाव्याची होती, आणि ती रंगमंचासाठी नव्हती. मग दुसरी. मग सगळं खुराडं बॉक्सकडे तोंड करून शिट्ट्या वाजवू लागलं. महापौर मान वळवून विचारताना दिसले. अंकाचा पडदा पडला तेव्हा पेरिदिए पांढरेफटक होऊन पडद्यापुढे येऊन उभे होते.

"सभ्य स्त्रीपुरुषहो! गैरसमज! थिएटर बंद होत नाही. मी कुणालाही... ही फुलवालीची चूक आहे!"

सगळं थिएटर मान वर करून खुराड्याकडे बघू लागलं. फेलिसी उठून उभी राहिली. ती जन्मभर तिथून खाली बघत आली होती. आज पहिल्यांदा खालून सगळे तिच्याकडे बघत होते.

"चूक माझीच," ती म्हणाली. "गुलाब गाढवाने खाल्ले."

आधी कुणाला काही कळेना. मग हसणं सुरू झालं, ते खुराड्यातून खालच्या गॅलरीत, तिथून मखमलीच्या खुर्च्यांत उतरत गेलं. पिटातला ढोलवाला डोकं ढोलावर टेकून हसत होता. पडद्यामागून बार्थासचा ओरडा आला, "बॅरिटोनने? मी आधीच म्हटलं होतं, त्याला आमच्या जागा हव्यात!"

हसणं ओसरल्यावर सिप्रियांने विचारलंच, न्हाव्यांना नको तिथे वस्तरा चालवायची सवयच असते. "म्हणजे फेलिसी, सगळ्यांना गुलाबच होते ना?"

ती काय उत्तर देते म्हणून थिएटर थांबलं. पडदा थोडा बाजूला झाला होता, आणि त्या फटीत ओगराळं घेतलेली क्लेमांस उभी होती. ती वर बघत होती. तिच्या तोंडावर प्रश्न नव्हता, तिला ठाऊक होतं.

फेलिसीला खोटं बोलता आलं असतं. खरंही बोलता आलं असतं. पण ती फक्त म्हणाली, "मी फुलं विकते, बातम्या नाही. फुलं मस्यूंची होती. त्यांनाच विचारा."

आता सगळे पेरिदिएंकडे वळले. ते मागे वळून पडद्याच्या फटीकडे बघत राहिले. त्यांनी नुकतंच ते गाणं ऐकलं होतं. पावडर फासून ते गाणं कुणाला म्हणता येतं का, असा काहीसा विचार त्यांच्या मनात आला असावा. निदान फेलिसी पुढे तसं म्हणायची. की शिट्ट्यांची धास्ती होती, कोण जाणे. त्यांनी कपाळ पुसलं आणि मोठ्याने म्हणाले,

"सगळ्यांना. एकूण एक सगळ्यांना गुलाब!"

त्यानंतर जो गलका झाला तो पत्र्याच्या वादळालाही कधी जमला नव्हता. तिसरा अंक झाला, पण तो कसा झाला हे कुणाला धड सांगता येत नाही. सरदाराने चुकून गिरणीवाल्याशीच लग्न केलं, असं काहीजण सांगतात.

प्रयोगानंतर मागल्या दाराशी बॅरिटोनभोवती सगळी गायक मंडळी जमली होती. कुणी त्याला साखर देत होतं, कुणी त्याच्या कानात कार्नेशन खोवत होतं. तो कार्नेशन खात नव्हता, त्यालाही पद्धत ठाऊक असावी. क्लेमांस रंग पुसून बाहेर आली आणि फेलिसीच्या स्टुलावर बसली.

"माझं काय होतं, फेलिसी?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"जर्दाळू राहिलेत सकाळचे," फेलिसी म्हणाली. "खातेस?"

क्लेमांस इतकी हसली की कंदिलाखालचा पहारेकरीही हसू लागला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. इपोलित मध्येच म्हणाला, "ती सूप वाढणारी बाई तू होतीस? अगं, मग पुढच्या वेळी मला सांगायचं. मी रोज येईन." आणि तो खरंच येऊ लागला.

आजीचं काम क्लेमांसला मिळालं. खिडकीतून उडीही तिनेच मारली, गादी जाड घातली होती. त्यानंतर कितीतरी हंगाम ती गायली. साल्वेराकमध्ये पद्धत मात्र बदलली. शेवटच्या प्रयोगाला सगळ्यांनी छातीवर कार्नेशन लावायचं, आणि परगावाहून आलेल्या गायकांनी ते बघून बेशुद्ध पडायचं, असं ठरूनच गेलं. मस्यू पेरिदिए गावातच रमले. नोकरीचं काय ते आता लोकांना बोलावून, खुर्चीवर बसवून सांगायचे, आणि दर वर्षी बॅरिटोनसाठी एक गुलाब विकत घ्यायचे.

मग एका मे महिन्यात, हवा छान होती, क्लेमांस सकाळी टपरीशी आली. तिने नवी टोपी घातली होती.

"एक गुच्छ बांध," ती म्हणाली. "पांढरी कार्नेशन. त्या दिवशी बांधला होतास ना, तसाच. नको तितका सुंदर."

फेलिसीने तिच्याकडे बघितलं. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी. गुडघ्यांना आता मीच रजा देते. मस्यू नको म्हणतायत, रडतायत म्हणजे काय! पण उडी मारताना गादी दरवर्षी लांब लांब दिसायला लागली आहे." ती स्टुलावर बसली. "आता मी तुझ्याशेजारी वर बसणार. कांदे मी आणीन."

फेलिसीने एकेक फूल निवडून गुच्छ बांधला. गाठ बरोबर बसली. क्लेमांस पर्समध्ये हात घालू लागली तेव्हा तिने तिच्या हातावर चापट मारली.

"घे आणि जा," ती म्हणाली. "आणि गाढवाच्या बाजूने जाऊ नकोस."